आठ नटांवरच्या रेषा

तेलाचं चेंबर खाली उतरवलं, इंजिनाच्या उघड्या पोटाखाली दिवा धरला, आणि सगळ्यात आधी मला तो आकडा दिसला. ४४१७. ब्लॉकच्या आतल्या कडेवर चार पंच ओळीने ठोकलेले, चार, चार, एक, सात. शेवटचा सात जरासा डावीकडे कललेला. सात माझ्या हातून नेहमी कलायचा. माझे जुने मालक तौनो, त्यांच्या हातून कधी कलत नसे. मी दिवा बाजूला केला आणि काही वेळ फरशीवरच्या ट्रेमध्ये पडणारे तेलाचे थेंब पाहत राहिले. थेंब आधी भरभर पडत होते, मग सावकाश. इंजिन उघडल्यावर ते अर्धा तास तरी निथळू द्यावं लागतं; घाईने पुसलं तर फडक्यासोबत झिजलेल्या धातूची नेमकी तीच चकाकी निघून जाते जी पाहायला आपण ते उघडलेलं असतं. म्हणजे अर्धा तास मला काही करायचं नव्हतं. बाहेर एप्रिलचं ऊन होतं. सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला होता आणि धान्याच्या कोठारांवर सीगल ओरडत होते. मी हात धुतले, कॉफी ओतून घेतली. कप खाली ठेवल्यावरही उजव्या हाताची बोटं मिटलेलीच राहिली, एखादा दांडा धरल्यासारखी.

आमच्या थंडर बे गावात मला पाठीमागे 'नको-बाई' म्हणतात. जुनी गाडी विकत घेण्याआधी लोक ती माझ्याकडे आणतात, मी ती लिफ्टवर चढवते, दोन-तीन तास तिच्याखाली घालवते आणि बहुतेक वेळा बाहेर येऊन 'नको' म्हणते. मला हे काम आवडतं. एकटीचं गॅरेज आहे, एकच लिफ्ट, दक्षिणेला मोठी खिडकी. विद्यापीठात मी रसायनशास्त्र शिकले तेव्हा प्रयोगशाळेत जे सुख वाटायचं तेच इथे वाटतं: एक वस्तू समोर आहे, तिला काही विचारायचं, ती उत्तर देईपर्यंत थांबायचं, आणि मधे कोणी घाई करायची नाही. ही करडी, चौकोनी स्टेशन वॅगन मात्र घाईचीच होती. लॉरेटा पेल्तिए नावाच्या नर्सला ती घ्यायची होती. लॉरेटा घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधते, इन्सुलिन देते. तिचा भाग निपिगनच्या पुढे थेट लाँगलॅकपर्यंत पसरलेला. मधल्या कितीतरी रस्त्यावर फोन लागत नाही, आणि जानेवारीत तिथे उणे पस्तीस असतं. तिची आधीची गाडी याच हिवाळ्यात वाटेत बंद पडली होती. पाऊण तासाने एक लाकडं वाहणारा ट्रक आला म्हणून ती आज माझ्याशी बोलत होती. हे तिने मला हसत हसत सांगितलं, पण सांगताना हातमोजे काढले नाहीत.

वॅगनची मालकीण पियानो शिकवणारी एक निवृत्त बाई होती. पहिल्यापासून तीच एक मालकीण, आणि हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवायची, म्हणून पत्र्याला गंज नव्हता. पण सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पहिली दोन मिनिटं आतून ठोके यायचे, मग विरून जायचे. अशा ठोक्यांचे दोन अर्थ होतात. पिस्टन सिलिंडरमध्ये जरा सैल झाला असेल तर तो थंडीत असाच वाजतो आणि गरम होऊन फुगला की गप्प बसतो. तसले पिस्टन घेऊन माणसं वर्षानुवर्षं हिंडतात. किंवा मग बेअरिंग. पिस्टनचा दांडा खाली क्रँकला, म्हणजे फिरणाऱ्या आसाला, जिथे धरतो तिथे दोन अर्धगोल पट्ट्या असतात, मऊ धातूच्या, नखाएवढ्या जाड. त्यांच्या आणि क्रँकच्या मधे तेलाचा एक पापुद्रा, बस. त्या पट्ट्या गेल्या तर दांडा आधी ठोके देतो आणि एक दिवस इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. तो दिवस कुठे उगवेल हे सांगता येत नाही. लाँगलॅकच्या रस्त्यावरही उगवू शकतो. मी ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून पाहिला होता. घड्यांमध्ये राखाडी, बारीक चकाकी होती. फार नव्हती, पण 'नाही' असंही म्हणता आलं नसतं. म्हणून पियानोवाल्या बाईंना विचारून मी चेंबर उघडलं. त्या म्हणाल्या, "उघडा हो. मी आत कधी डोकावले नाही. एकदा खूप वर्षांपूर्वी इंजिन बाहेर काढून कुठेतरी पाठवलं होतं, तेवढंच."

कुठेतरी म्हणजे तौनो रान्ताला यांच्या वर्कशॉपात. गावातली गॅरेजं इंजिनं सुटी करून तिथे पाठवत. तिथे गाडी कधी दिसत नसे, नुसती इंजिनं यायची; त्यामुळे ती कुणाची, कुठे जाणार, हे आम्हाला कळत नसे. आकडा तेवढा असे. तौनो क्रँक घासून गुळगुळीत करत, मी नव्या पट्ट्या घालून, चारही दांड्यांच्या खालच्या कॅपा दोन-दोन नटांनी आवळून इंजिन जोडत असे. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, पदवी घेऊन या धंद्यात आले म्हणून नातेवाईक अजून माझ्याशी नीट बोलत नव्हते, आणि तौनो मला 'विद्यापीठ' म्हणत. "विद्यापीठ, तो पाना दे." "विद्यापीठ, दार लाव, थंडी आत येतेय." त्यांच्याकडे दोनच नियम होते, आणि ते त्यांनी मला एकेकदाच सांगितले. पहिला: दुसऱ्याच्या नटाला पाना लावायचा नाही, ज्याने ओळ सुरू केली त्यानेच संपवायची. दुसरा: मधे उठावं लागलं, किंवा नुसती शंका आली, तर सगळे नट सोडवायचे आणि पहिल्यापासून आवळायचे. टॉर्क पान्याने नट आवळला की ठरलेल्या जोराला तो 'टक' करतो. टक झालं की तौनो पांढऱ्या रंगाची एक रेघ नटावरून बोल्टवर ओढत आणि पुढच्याकडे वळत. रेघ म्हणजे झालं. रेघ नाही म्हणजे नाही.

मी उलटं करत असे. आठही नट आधी हाताने बसवायचे, मग प्रत्येकावर नटापासून बोल्टच्या टोकापर्यंत एक सरळ पिवळी रेषा काढायची, आणि मग आवळायला घ्यायचं. नट फिरला की रेषा मधोमध तुटते. नटावरचा तुकडा पुढे सरकतो, बोल्टवरचा जागेवर राहतो. आठही रेषा सारख्याच कोनात तुटल्या तर आठही नट सारखे बसले. एखादी जास्त तुटली तर तिथे काहीतरी बिनसलंय: आट्यात घाण आहे, बोल्ट ताणला गेलाय. मला ते फार सुंदर वाटायचं. तौनोंना नाही. "साक्षीदार आधी आणून बसवतेस," ते म्हणाले होते, "आणि मग गुन्हा करतेस." मी म्हटलं होतं की माझा साक्षीदार तुमच्यापेक्षा जास्त सांगतो. ते श्वास आत ओढून "यो" म्हणाले. तौनोंच्या फिनिश 'यो'चा अर्थ 'हो' असा होतो, आणि 'तू बोलत राहा' असाही होतो. आधी रेषा काढायची सवय मला कुठून लागली हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझी आई ईस्टरच्या आधी अंडी रंगवायची. आम्हा युक्रेनी घरांत आधी मेणाने रेषा काढतात आणि मग अंडं रंगात बुडवतात. जिथे मेण तिथे रंग चढत नाही. आई अंडं डाव्या हातात धरून नुसतं फिरवायची, मेणाची लेखणी जागेवरच, आणि रेषा अंड्याभोवती फिरून येऊन स्वतःच्याच टोकाला मिळायची. मी विचारायचे, "चुकली तर?" आई म्हणायची, "चुकली तर दिसेल. दिसण्यासाठीच तर काढायची."

४४१७ त्याच दिवसांतलं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी दुपारी मी आठ रेषा काढल्या, पाना लावला, पहिला दांडा झाला, दुसरा झाला, आणि तेवढ्यात फोन वाजला. आईच्या शेजारणीचा होता. आई स्वयंपाकघरात पडली होती. पुढचं मला ठरावीक तुकड्यांत आठवतं: कोटाची एक बाही उलटी, तौनोंनी न बोलता स्वतःच्या ट्रकच्या किल्ल्या पुढे केलेल्या, पुलावरचा लाल दिवा. मी पोचले तेव्हा आई गेलेली होती. रुग्णालयाच्या बाकावर बसल्यावर मला कळलं की माझा उजवा हात मिटलेला आहे आणि मी तिसऱ्या दांड्याचा टक आठवायचा प्रयत्न करते आहे. फोन वाजला तेव्हा मी तिसऱ्यावर होते. तिसऱ्याचा एक नट आवळला होता की दोन्ही? की एकही नाही? मी चार दिवस आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले की हा नट पुढे यायचा. अंत्यविधीच्या प्रार्थनेत, दफनात, चर्चच्या तळघरातल्या जेवणात, लोक माझ्या हातात ताटल्या देत होते आणि मी मनात मोजत होते. टक, टक, टक, टक, आणि मग? स्वयंपाकघराच्या टेबलावर एक अंडं राहिलं होतं, नुसत्या मेणाच्या रेषांचं, रंगात न बुडवलेलं. ते मी उचललं आणि कापसात गुंडाळून ठेवलं, आणि तेव्हाही नटाचाच विचार करत होते, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी मी कामावर गेले. स्टँड रिकामा होता. मी तौनोंना विचारलं, "४४१७ गेलं?" ते म्हणाले, "गेलं." मी तशीच उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा म्हणाले, "गेलं, पोरी," आणि क्रँक घासायचं यंत्र सुरू केलं. त्या यंत्रापुढे कोणाचंच बोलणं ऐकू येत नाही. त्यांनी नुसतं चेंबर लावून पाठवून दिलं असणार असं मी धरलं. दुसऱ्याच्या नटाला ते हात लावत नसत आणि रेषा तर आठही नटांवर होत्या. माझ्या साक्षीदारांनी त्यांना फसवलं असणार. त्या दिवसापासून मी पिवळ्या रेषा काढणं सोडलं. टक, मग रेघ. टक, मग रेघ. गावात कुणाच्या इंजिनाने दांडा बाहेर टाकला असं कानावर आलं की मी सहज विचारल्यासारखं मॉडेल विचारून घ्यायचे. अठरा वर्षांत मी तौनोंसोबत किती कॉफी प्यायले असेन. त्यांची बायको गेली तेव्हा मी त्यांच्याकडे महिनाभर सूप नेऊन देत होते. वर्कशॉप बंद झालं, ते टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहायला गेले, मी दर रविवारी फोन करते. हा एक प्रश्न सोडून आम्ही सगळं बोललो आहोत; म्हणजे ते जेवढं बोलतात तेवढं.

कॉफी संपली. थेंब आता मोजता येतील इतके सावकाश पडत होते. मी शांतपणे विचार केला, कारण तेवढं मला येतं. सैल नटाचं इंजिन हजार किलोमीटरही जात नाही. हे दोन लाख गेलं. मधे कोणी चेंबर उघडलेलं नाही; पॅकिंग आमच्याच वर्कशॉपातलं होतं, तपकिरी कागदाचं, तौनो हाताने कापायचे तसलं. म्हणजे चेंबर लागलं त्याआधी नट आवळलेले होते. म्हणजे मीच आवळले होते आणि विसरले, किंवा नाही. यातलं काय खरं ते वर, दोन हात अंतरावर, लिहिलेलं होतं. नटावर फक्त माझी तुटलेली रेषा असेल तर तो मी आवळला. आणखी काही असेल तर नाही. मी अठरा वर्षांपूर्वी स्वतःसाठी लिहून ठेवलेलं उत्तर, आणि मी खिडकीपाशी उभी राहून सीगल पाहत होते. मला भीती वाटत होती असं म्हणता येणार नाही. ते इंजिन जिवंत होतं, एवढ्यानेच छातीतलं काहीतरी सैल झालं होतं. फक्त त्या सवयीच्या ओझ्याशिवाय उभं कसं राहायचं हे पायांना माहीत नव्हतं.

तेवढ्यात लॉरेटा आली, हातात बेकरीचा खोका घेऊन. "दोन घरांच्या मधे वीस मिनिटं मिळाली," ती म्हणाली. "पर्शियन आणलेत, गोड पाव. गुलाबी लेपाचे. गाडीसाठी लाच."

"गाडीखाली खाऊ नका, लेप तेलात पडेल."

"मग नमुना बिघडेल, होय ना? आमच्याकडे पण असंच असतं. एका आजोबांनी लघवीच्या बाटलीत सफरचंदाचा रस भरून दिला होता. म्हणे, बघू तुम्हाला कळतं का." तिने मान वाकडी करून वर पाहिलं. "अगं बाई! हे असं दिसतं होय आतून? मला वाटलं होतं जास्त घाण असेल."

"चांगलं ठेवलंय बाईंनी."

"म्हणजे 'नको' नाही म्हणणार?"

"अजून बघितलं नाही."

"मग इतका वेळ काय करत होता?"

"निथळू देत होते," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग का कोण जाणे, मी तिला विचारलं, "तुम्ही औषध दिल्यावर वहीत लिहिता की आधी?"

लॉरेटाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला रक्त लाल असतं का असं विचारलं. "आधी? आधी सही केली तर हाकलून देतील. पहिल्याच दिवशी शिकवतात. सही केलीत, तेवढ्यात शेजारच्या खोलीत कोणी पडलं, तुम्ही धावलात, परत आलात तर वहीत सही आहे आणि गोळी ट्रेमध्ये. मग दिली का नाही? सांगा!" तिने बोटावरचा लेप चाटला. "माझ्यासोबतच्या एकीचं झालं होतं तसं. बिचारी रात्रभर रडली."

"मग काय झालं?"

"काही नाही. पुढच्या पाळीच्या नर्सने गोळ्या मोजल्या. एक जास्त निघाली. दिली तिने. झालं." तिने घड्याळ पाहिलं. "चला, माझ्या मिसेस ऑयेन वाट बघत असतील. त्या साडेबाराला जेवतात, बारा एकतीसला नाही. मला फोन करा. आणि ओरिस्या, खरं तेच सांगा हं. माझं मन या गाडीवर बसलंय, पण तुम्ही मनाला विचारू नका."

ती गेल्यावर मी दिवा आणि दंतवैद्याकडचा असतो तसा लांब दांड्याचा आरसा घेतला. नटांवर तेलाचा तपकिरी थर चढला होता. मी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक नट पुसला, पुढून मागे, क्रमाने. पहिला. पिवळा रंग मोहरीसारखा गडद झाला होता, पण होता. रेषा तुटलेली: नटावरचा तुकडा घड्याळाच्या काट्यासारखा पुढे गेलेला, बोल्टवरचा मागे. दुसरा, तसाच. तिसरा, चौथा, त्याच कोनात. दोन दांडे झाले. मला त्या वयातल्या माझ्या हाताचा जरा अभिमान वाटला. पाचवा नट म्हणजे तिसऱ्या दांड्याचा पहिला. तोही तुटलेला, तोच कोन. मी बोळा बदलला. सहाव्याचा थर निघायला वेळ लागला. खालून पिवळं आलं, तुटलेलं, आणि त्या तुटलेल्या पिवळ्यावरून, नटापासून बोल्टच्या टोकापर्यंत अखंड, एक पांढरी रेघ.

मी आरसा खाली घेतला. मग पुन्हा वर नेला. सातव्यावर पांढरी. आठव्यावर पांढरी.

म्हणजे मी पाच आवळले होते. सहावा, सातवा, आठवा नुसते हाताने बसवलेले, वर सरळ सुबक रेषा काढलेल्या, आणि मी निघून गेले होते. चूक झाली होती. अठरा वर्षं मी जिची भीती बाळगली ती खरोखर झाली होती, आणि तरी मला पहिली गोष्ट जाणवली ती ही की पाय दुखतायत आणि बसलं पाहिजे. मी स्टुलावर बसले. माझ्या डोळ्यांपुढे ती दुपार आली, मी जिथे नव्हते ती: मी ट्रक घेऊन गेलेली, वर्कशॉपात शांतता, आणि तौनो चेंबर उचलायच्या आधी दिवा घेऊन माझ्या नटांपाशी वाकलेले. ज्या रेषांची ते चेष्टा करायचे त्या एकेक करून वाचत असलेले. तुटली, तुटली, तुटली, तुटली, तुटली, सरळ. त्यांनी मला कधी कळू दिलं नव्हतं की त्यांना ती लिपी येते.

काम संपलेलं नव्हतं. लॉरेटाला नट आवळले कोणी हे कळून उपयोग नव्हता, पट्ट्या कशा आहेत ते हवं होतं, आणि पट्ट्या पाहायच्या तर नट सोडवणं भाग होतं. मी वहीत आठ नट काढले, रेषा काढल्या, कोन मोजून लिहिले, शेजारी 'पांढरी' असं तीनदा लिहिलं. मग पाना लावला. तिसऱ्या दांड्याची कॅप हातात आली तेव्हा तिच्या आतली पट्टी फिकट राखाडी होती, साबणाच्या जुन्या वडीसारखी गुळगुळीत. एका कडेला झीज जरा जास्त, तिथून खालचा तांबूस धातू नुकता डोकावू लागलेला. पाठीवर ०.२५ असा ठसा, म्हणजे क्रँक एकदाच घासलेला, त्या वेळी. क्रँकवरून मी नख फिरवलं, आडवं. कुठे अडकलं नाही. मग फट मोजायचा मेणाचा बारीक धागा क्रँकवर ठेवला, कॅप लावून आवळली, पुन्हा काढली, आणि चेपून पसरलेल्या धाग्याची रुंदी मोजपट्टीला लावली. फट असायला हवी तेवढीच होती, वरच्या मर्यादेच्या बऱ्याच आत. चारही दांडे तसेच. फिल्टरमधली चकाकी म्हणजे म्हातारपणाची झीज. मार खाल्ल्याची खूण कुठे नव्हती. ठोके पिस्टनचे. नव्या पट्ट्या घातल्या की हे इंजिन लॉरेटाच्या म्हाताऱ्यांहून जास्त टिकेल. मी पाठोपाठ दोन पर्शियन खाल्ले. लेप दाताला चिकटत होता आणि रासबेरीची चव होती, आणि मला ते फार म्हणजे फार आवडले.

मग मी फोन लावला.

"रान्ताला."

"मी ओरिस्या."

"आज बुधवार आहे."

"माहीत आहे. तौनो, ४४१७ आलंय."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. "ठोकतंय?"

"पिस्टन. थंडीत तेवढा. बेअरिंग चांगलं आहे."

"मग फोन कशाला केलास?"

"तीन नटांवर पांढरी रेघ आहे."

त्यांनी श्वास आत ओढला. "यो," म्हणाले. त्या 'यो'च्या मागे काही येईल म्हणून मी थांबले. खोलीबाहेरून कोणाची तरी ताटांची गाडी गेली.

"सांगितलं का नाहीत?"

"तुझी आई गेली होती."

"नंतर. नंतर अठरा वर्षं होती की."

"नंतर तू विचारलं नाहीस. इंजिन गेलं का, विचारलंस. मी म्हटलं गेलं. ते खरं होतं." त्यांनी घसा साफ केला. "मला वाटलं तुला बोलायचं नाही. तुमच्यात किती दिवस बोलत नाहीत ते मला माहीत नव्हतं."

मला हसू आलं. आमच्यात मयताच्या घरी लोक बोलायचं थांबत नाहीत. पण एका फिनिश माणसाने मनोभावे अठरा वर्षं सुतक पाळलं होतं, आणि मी त्याला तुटकपणा म्हणत आले होते. "आणि नियम?" मी विचारलं. "शंका आली तर आठही सोडवायचे, पहिल्यापासून आवळायचे. तुमचाच नियम. पाच तसेच ठेवलेत तुम्ही. त्यांना पांढरी रेघसुद्धा ओढली नाहीत."

"शंका कुठे होती?" तौनो जरासे चिडून म्हणाले. "तुझ्या रेषा तुटल्या होत्या की."

त्यांनी टीव्ही पुन्हा लावला आणि म्हणाले, "रविवारी कर मग," आणि फोन ठेवला.

नव्या पट्ट्या शुक्रवारी आल्या. लॉरेटाला मी 'घ्या' असं सांगितलं तेव्हा ती फोनवर इतकी ओरडली की तिच्या म्हाताऱ्या पेशंटने काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. शनिवारी सकाळी मी पट्ट्यांना तेल लावलं, कॅपा चढवल्या, आठ नवे नट हाताने बसवले. खणात मागे पिवळ्या रंगाची बाटली होती, रंग सुकलेला. मी दुकानात जाऊन नवी आणली. आठ रेषा काढताना हात जरा बिचकत होता, तिसऱ्या-चौथ्यानंतर सरळ झाला. लेखणी एका जागी धरून अंडं फिरवणारा आईचा डावा हात मला आठवला, मनगटावरचा मेणाचा डाग, आणि ती स्वतःशीच करायची ती जिभेची टिचकी. तिच्यामागून नट आला नाही. वाळेपर्यंत थांबले. मग पाना लावला. टक. टक. टक. आणि फोन वाजला.

मी पाना खाली ठेवला, हात पुसले, गेले. लॉरेटा होती. "पेशंट कसा आहे, डॉक्टर?"

"टेबलावर आहे. मधेच फोन केलात."

"अरे देवा! मग आता सगळं पहिल्यापासून?"

"नाही," मी म्हणाले. "दुपारी या, चालवून बघू." तिने सरोवराचा बर्फ पाहिला का विचारलं, मी पाहिला म्हणाले, थोडं आणखी बोललो.

परत येऊन मी दिवा धरला. तीन रेषा तुटलेल्या, पाच सरळ. मी चौथ्या नटाला पाना लावला.